माजी विजेत्याची बग्गी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी उजवा गुडघा धरला आहे आणि डावा हात भाजला आहे, तेव्हा तूर्त सहा अंगांचा नमस्कार गोड मानून घ्यावा. उरलेली दोन समक्ष भेटीत पुरी करीन.) तुझी पाठ आता कशी आहे? भावोजींचा खोकला गेला का, की अजून तुझ्या माहेरचं कोणी आलं की नेमका सुरू होतो? आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तुझी भावजय माझ्यापेक्षा जास्त बरी आहे, पण ते नेहमीचंच.

पत्र बघून तुला नवल वाटेल. आजकाल पत्र फक्त बँक पाठवते. पण गेल्या अकरा महिन्यांत मी तुला सात वेळा फोन केला आणि सातही वेळा भावोजींनी उचलून तू अंघोळीला गेली आहेस असं सांगितलं. त्यातला एक फोन रात्री साडेआठचा होता. एवढ्या अंघोळी तब्येतीला बऱ्या नव्हेत असं मी सुचवणार होतो, पण मग माझ्या लक्षात आलं की तू माझ्यावर रागावली आहेस. (लक्षात यायला सहावा फोन लागला. घाई करून गैरसमज करून घेणं माझ्या स्वभावात नाही.)

राग कशाचा तेही माहीत आहे. बाबांचं घर रिकामं करताना तू काही म्हणता काही मागितलं नाहीस. कपाट मी घेतलं, पितळेची भांडी मी घेतली, भिंतीवरचं घड्याळ चालत नव्हतं तरी घेतलं. शेवटी माळ्यावरून ती रिमोटची लाल बग्गी निघाली आणि तू म्हणालीस, ही मला दे. त्यावर मी म्हणालो, तुला कशाला हवी, कपावर नाव कोणाचं आहे? हे मी भांडायला म्हणून बोललो नव्हतो, माहिती म्हणून बोललो होतो. तू म्हणालीस, "तुझंच आहे की." मला ते पटल्यासारखं ऐकू आलं. मग तू आईच्या शिलाई मशीनमागचा तो मोठा चौकोनी, गंजका बिस्किटांचा डबा काखेत मारलास आणि रिक्षात बसून गेलीस. बहिणीने वाटणीत रिकामा डबा नेला म्हणून मी आठवडाभर लोकांना कौतुकाने सांगत होतो.

आता त्या कपाबद्दल. तुला सगळं ठाऊक आहेच, तरी पुन्हा सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला पुढचं काही सुचत नाही. मी नऊ वर्षांचा होतो. बाबांच्या कारखान्याच्या वार्षिक दिवसाला दहा वर्षांखालच्या मुलांसाठी रिमोटच्या गाड्यांची शर्यत होती. बग्गी सुट्या भागांच्या खोक्यातून आली होती आणि जेवणाच्या टेबलावर आठ दिवस बसून तू ती जोडलीस. सोबतचा कागद परक्या भाषेत होता, तू नुसती चित्रं बघून जोडलीस. माझाही हातभार होता. स्क्रू मी देत होतो. (दोन हरवले, ते चहात सापडले.) शर्यतीच्या सकाळी सराव करायला घेतला तर बग्गी माझं अजिबात ऐकेना. दोनदा भिंतीला, एकदा आईच्या घोट्याला आणि एकदा थेट मोरीत गेली. मग मी न्हाणीघराला आतून कडी लावून बसलो. रडत नव्हतो, डोळ्यांत साबण गेला होता.

आणि दुपारी काय झालं ते सगळ्या कारखान्याने पाहिलं! कॅन्टीनच्या मागे वाळूच्या पोत्यांचा मार्ग केला होता. नऊ गाड्या, तीन फेऱ्या. तीच बग्गी, तोच मी, पण एकाही पोत्याला शिवली नाही. वळणावर मी अंमळ उशिरा दांडी फिरवली तरी ती आधीच वळलेली असायची, इतका आमचा सूर जुळला होता. खऱ्या खेळाडूचं असंच असतं, सरावात दिसत नाही, मैदानात दिसतं, हे वाक्य मी गेली चौतीस वर्षं सांगत आलोय. लग्न जमवताना मुलीकडच्यांनाही सांगितलं होतं. तू तेव्हा चौदा वर्षांची, स्पर्धेच्या वयाबाहेरची, म्हणून जाळीच्या कुंपणापलीकडे उभी होतीस. समोर कापडी पिशवी आणि जाळीत खोचून उघडलेली छत्री. ऊन नाही, पाऊस नाही, आणि छत्री! आई म्हणाली, मुलगी मोठी झाली, लाजते. माझा कप घेतानाचा फोटो आहे ना, त्यात मागे ती अर्धी छत्री आलीय. तो फोटो मी माझ्या कवळ्यांच्या लॅबमध्ये भिंतीवर लावलाय, म्हणजे कवळी न्यायला आलेल्या माणसाला विषय काढता येतो. आणि बाबांनी त्याच संध्याकाळी बग्गी, रिमोट आणि कप शोकेसमध्ये ठेवून कुलूप घातलं. विजयी गाडी, आता खेळायची नाही. तुला तेव्हा रडू आलं होतं. मला वाटलं, आनंदाने.

तर हा फोटोच नडला. लॅबशेजारी चष्म्याचं दुकान आहे. दुकानाचे मालक जुन्या रिमोट गाड्यांच्या मंडळाचे चिटणीस निघाले. (मंडळात सहा सभासद आहेत आणि सगळ्यांचे मिळून दोन गुडघे शाबूत आहेत.) फोटो बघून त्यांनी कप कसला ते विचारलं आणि मी सांगितलं. सविस्तर सांगितलं. जरा जास्तच सविस्तर झालं असावं, कारण पुढच्या आठवड्यात दुकानाच्या काचेवर छापील कागद लागला: येत्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुन्या बग्ग्यांची शर्यत, उद्घाटनाच्या तीन फेऱ्या माजी विजेते मारतील, आणि खाली माझं नाव. ते बाबांच्या नावासकट पूर्ण लिहिलं होतं. नाही कसं म्हणणार? मंडळाचा नियम एकच, गाडी आणि रिमोट दोन्ही मूळचे हवेत. आजकालचे नवे रिमोट चालणार नाहीत.

मग मी बग्गी दुरुस्तीला घेतली. आता मी माणसांचे जबडे नीट बसवतो, तिथे वीतभर खेळण्याची काय कथा, असं मला वाटलं. पहिल्याच दिवशी मी वरच्या टपाला झकास लाल रंग दिला. चष्मेवाले बघायला आले आणि हळहळले. तो टप म्हणे पारदर्शक प्लास्टिकचा असतो आणि रंग आतून द्यायचा असतो, म्हणजे गाडी आपटली तरी ओरखडा रंगाला लागत नाही. हे तुला ठाऊक असणार, चौदाव्या वर्षी तू आतूनच दिला होतास. झालं, आता बाहेरचा रंग काढायला हवा. माझ्याकडे कवळीच्या गुलाबी पावडरीत कालवायचं एक जलाल वासाचं औषध असतं, त्याने काहीही निघतं. रंग निघाला. बरोबर टपाचाही पापुद्रा निघाला आणि जे उरलं ते मोतीबिंदू झाल्यासारखं दिसतं. आतला तुझा जुना रंग तेवढा धुरकट का होईना शाबूत आहे, आणि तो बघून मला पहिल्यांदा जरा कसंतरी झालं. कारण कडेने तू काळी रेघ ओढली आहेस ती इतकी सरळ आहे की मला आज लॅबमधल्या उजेडात, भिंग लावूनही तशी ओढता येणार नाही.

पुढे आतलं एक दातेरी चाक तीन ठिकाणी तुटलेलं निघालं. तसलं आता मिळत नाही. पण तुटक्या दातांवर इलाज करणं हा तर माझा धंदाच! मी त्याचा साचा घेतला, कवळीच्या साहित्यात नवं चाक ओतलं आणि गरम पाण्याच्या भांड्यात शिजायला ठेवलं. (डावा हात तिथे भाजला.) चाक उत्तम झालं, फक्त हिरडीसारखं गुलाबी झालं. त्याच भांड्यात एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची खालची कवळीही शिजत होती. दोन्ही एकसारख्या डब्यांत भरली आणि पुढे जे व्हायचं तेच झालं. दुपारी दातांच्या डॉक्टरांचा फोन आला की पेशंट खुर्चीत आ करून बसल्या आहेत आणि तुम्ही हे काय गोल पाठवलंय? त्याच वेळी चष्मेवाले कवळी हातात धरून ती बग्गीत कुठे बसते ते शोधत होते. आणि ती त्यांनी जवळजवळ बसवली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं आणि उभं करून जे सुनावलं, ते दात नसतानाही शब्द न् शब्द स्पष्ट होतं.

एवढं सगळं होऊन बग्गी तयार झाली. नवी बॅटरी घातली, रिमोटचं बटण दाबलं, रिमोटचा लाल दिवा लागला. बग्गी ढिम्म हलेना. मोटर सुटी लावली तर फिरते, चाकं फिरतात, पण रिमोटचं ऐकायला तयार नाही. मग मी रिमोटची मागची झाकणी उघडली. झाकणी नेलपॉलिशच्या थेंबाने चिकटवलेली होती. (रेडिओ दुरुस्त करणारे स्क्रू हलू नये म्हणून असा थेंब लावतात, म्हणून मी फार विचार केला नाही. रंग तुझ्याच त्या डाळिंबी बाटलीचा होता, तरी केला नाही.) आत एक खाच होती आणि ती रिकामी होती.

मी ती बग्गी आणि रिमोट घेऊन आपल्या रेडिओकाकांकडे गेलो. काका अजून आहेत, अजून त्याच रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसतात. पंचाहत्तरी उलटून गेली, कान गेले, पण हात अजून थरथरत नाही. त्यांनी एका नजरेत सांगितलं की क्रिस्टल नाही. म्हणजे नखाएवढा एक पत्र्याचा तुकडा असतो, एक रिमोटमध्ये आणि एक बग्गीत, आणि दोघांचा नंबर जुळला तरच बग्गी हुकूम ऐकते. रिमोटमध्ये तो नसला तर नुसता दिवा लागतो. मी म्हणालो, माळ्यावर कुठेतरी पडलं असेल. काकांनी त्यांच्या टेबलाच्या खणातलं त्याच नंबरचं क्रिस्टल तात्पुरतं खाचेत घातलं (ते कामाचं आहे, दुकानाबाहेर देणार नाहीत) आणि म्हणाले, चालव. मी दांडी पुढे केली. बग्गी स्टुलावर आदळली, तिथून कपाटाखाली गेली, तिथून उलटी येऊन काकांच्या चहावर. सगळं मिळून चार सेकंद लागले असतील.

"बरोबर," काका म्हणाले. "तेव्हाही अशीच चालवायचास."

मी म्हणालो, काका, तेव्हा मी जिंकलो होतो. ते मोठ्यांदा सांगावं लागलं, दोनदा. काकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे, तिने तुला अजून सांगितलं नाही? मला वाटलं, निदान तुझ्या लग्नात तरी सांगितलं असेल."

पुढचं तुला माहीत आहे, मला परवापर्यंत माहीत नव्हतं. मी न्हाणीघरात होतो तेव्हा तू माझा रिमोट घेऊन काकांकडे धावत गेलीस. त्यांच्याकडे तसाच दुसरा जुना रिमोट पडला होता. माझ्या रिमोटमधलं क्रिस्टल काढून काकांनी त्यात घातलं, आणि माझ्या रिमोटची झाकणी तू तुझ्या नेलपॉलिशने बंद केलीस, मी उघडू नये म्हणून. काकांनी तुला विचारलं होतं, हे कशाला? तू म्हणालीस, "काका, तो हरला तर जेवणार नाही, आणि जिंकला तर मला जेवू देणार नाही. दुसरं परवडलं." हे काकांना शब्दाशब्दाने आठवतं. मग तो दुसरा रिमोट त्यांनी तुलाच देऊन टाकला आणि तू तो एका बिस्किटांच्या डब्यात ठेवलास.

मी लॅबमध्ये येऊन फोटो भिंतीवरून उतरवला आणि दातांचं काम करायचं भिंग त्याच्यावर धरलं. ताई, त्या छत्रीला दोन दांडे आहेत. एक छत्रीचा, आणि त्याला चिकटून सरळ वर गेलेला दुसरा बारीक, चकचकीत, रिमोटच्या एरियलचा. माझे दोन्ही हात रिमोटवर आहेत, तुझे दोन्ही पिशवीत. चौतीस वर्षं हे माझ्या डोक्यावर टांगलेलं होतं आणि मी त्याखाली उभं राहून लोकांना सांगत होतो की खऱ्या खेळाडूचं असंच असतं.

मी बराच वेळ सबबी शोधल्या. म्हटलं, निदान दिशा तरी मी बरोबर दाखवत असेन. म्हटलं, उभं राहण्याचाही एक रुबाब असतो. काही जमलं नाही. जे राहून राहून टोचतंय ते शर्यतीचं नाहीच. तू जोडलेली, तू रंगवलेली, तू जिंकलेली गाडी त्याच संध्याकाळी कुलपात गेली, तुला पुन्हा एकदाही चालवता आली नाही, आणि चौतीस वर्षांनी तू फक्त तीच मागितलीस तेव्हा मी तुला कपावरचं नाव दाखवलं. आणि तुला एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं, तरी तू डबा उचलून निघून गेलीस. मला फार वाईट वाटतं, ताई. हे फोनवर सांगणार होतो, पण तू अंघोळीत होतीस.

बाकी विशेष काही नाही. भावोजींना नमस्कार, त्यांच्या खोकल्यालाही. लोभ असावा असं शेवटी लिहायची रीत आहे. मी रीत म्हणून लिहीत नाही, विचारतोय.

तुझा,
ढब्बू

ता. क. त्या डब्यातल्या रिमोटमध्ये ते क्रिस्टल अजून असेल. तेवढं काढून, कापसात गुंडाळून कुरिअरने पाठवशील का? रविवार पंधरा दिवसांवर आलाय आणि काचेवर माझं नाव लागलंय. काही झालं तरी चालवायला मूळचंच हवं.

ता. क. २. वरचं वाचून पाहिलं आणि काकांचा चहा आठवला. नुसतं क्रिस्टल येऊन भागणार नाही. तू स्वतःच रिमोट घेऊन ये. मैदानाला इथेही जाळीचं कुंपण आहे, मी मोजून आलो, छत्री आरामात खोचता येते. मी पुढे उभा राहतो, तू मागे राहा. तीन फेऱ्यांचाच प्रश्न आहे. मंडळातल्या सहाही जणांना लांबचं दिसत नाही, चिटणीस चष्मेवाले असूनसुद्धा. कोणालाही कळणार नाही, आणि माझी लाज राहील. एवढं भावासाठी कर. पूर्वीही केलं आहेसच.

ता. क. ३. तुझ्या भावजयीने पत्र वाचलं. (पाकीट मी चिकटवलं नव्हतं. ते न चिकटवण्याची चूक मी लग्नानंतर नेहमी करतो.) ती एवढंच म्हणाली, "अजून किती वर्षं त्यांना छत्रीमागे उभं करणार आहात?" आणि आत निघून गेली. 

ता. क. ४. पत्र दोन दिवस तसंच पडलं होतं. आज सकाळी मी चष्मेवाल्यांकडे जाऊन त्यांना सगळं सांगितलं. सविस्तर सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. काचेवरच्या कागदावर माझं नाव खोडून तुझं लिहिलं, 'विजेते'चं 'विजेत्या' केलं. मग कप लॅबमध्ये आणला. कवळीवर नंबर कोरायची बारीक सुई असते, तिने माझ्या नावाच्या वर तुझं नाव कोरलं. बाबांचं नाव आणि आडनाव दोघांचं एकच, त्यामुळे काम फार नव्हतं. रेघ थोडी वाकडी गेलीय, तुझ्यासारखी नाही आली. तू रविवारी नाही आलीस तरी बग्गी आणि कप सोमवारच्या कुरिअरने तुझ्याकडे निघतील, गुलाबी चाकासकट. पण ये. तू पुढे, सगळ्यांच्या समोर उभी राहा. मी जाळीपलीकडे छत्री घेऊन थांबतो. माझा रिमोटही आणीन. आत काही नाही, पण दिवा लागतो, आणि तो हातात धरून तू चालवत असताना कसं उभं राहायचं ते मला चांगलं जमतं.